नदीकाठच्या छोट्या गावात वाढदिवसाची फुलं कशी पाठवायची?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी, माझ्या मावशीचा ७०वा वाढदिवस पुढच्या रविवारी आहे आणि मला तिला फुलं पाठवायचीयत. ती राहते ते नदीकाठचं छोटं गाव, मी खूप लांब, या वेळी जाणं शक्यच नाही. फुलं पाठवणाऱ्या वेबसाइटवर पिनकोड टाकला की निम्म्या म्हणतात डिलिव्हरी होत नाही, आणि ज्या हो म्हणतात त्या सगळ्यांवर तोच लाल गुलाबांचा फोटो, आता तो बुके तिथे बनवणार कोण, फुलं आणणार कुठून, काही पत्ता नाही. त्यात बाजार नदीच्या या काठाला नि मावशीचं घर पलीकडे, मधे एकच पूल आणि तोही गावाच्या पार टोकाला. लहानपणी तिनेच मला सांभाळलंय, आता गुडघ्यांमुळे तिला फारसं बाहेर पडता येत नाही, म्हणून वस्तू वगैरे नकोच, ताजी फुलंच हवीत, कुणीतरी दारात येऊन हातात दिलेली. असं कुणी केलंय का? दुकानदाराला काय विचारायचं, फुलं कुठली सांगायची, जे माहीत असेल ते सगळं सांगा. हो, आणि घरात मांजर आहे, दिसेल त्याला तोंड लावतं.

गवतफूल:
मी बरीच वर्षं फुलांच्या दुकानात काम केलंय त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. छोट्या गावात या वेबसाइटींचं स्वतःचं दुकान बहुतेक नसतंच, त्या तुमची ऑर्डर तिथल्या किंवा जवळच्या एखाद्या फुलवाल्याकडे पुढे पाठवतात आणि मधला हिस्सा स्वतःकडे ठेवतात. पद्धत जुनीच आहे, अमेरिकेत १९१० साली फुलवाल्यांनी एकत्र येऊन तारेने एकमेकांना ऑर्डर कळवायला सुरुवात केली तेव्हापासूनची, आणि त्यात लबाडी अशी काही नाही. पण होतं काय की उरलेल्या पैशात तो फोटो जुळवायची जबाबदारी त्या छोट्या दुकानदारावर येते, त्याच्याकडे त्या दिवशी ते गुलाब असोत नसोत. मग तो बिचारा शिळे गुलाब घालतो, कारण फोटोत गुलाब आहेत. शेजारी सकाळीच आलेली टवटवीत शेवंती पडलेली असते, पण ती चालणार नाही ना!

म्हणून सरळ गावातल्याच दुकानाला फोन करा. नकाशावर शोधा, दुकानाने टाकलेले फोटो बघू नका, गिऱ्हाइकांनी टाकलेले बघा. फुलांचं दुकानच नसेल तर कार्यक्रमांची सजावट करणारे किंवा नर्सरीवाले शोधा, त्यांना फुलं कुठून मिळतात ते पक्कं माहीत असतं.

फोनवर पहिला प्रश्न भावाचा नाही विचारायचा, "तुमच्याकडे माल कुठल्या वारी येतो?" हा विचारायचा. छोट्या गावात रोज माल येत नाही, मोठ्या बाजारातून आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येतो. शुक्रवारी आला असेल तर रविवारी ती फुलं दुकानातच दोन दिवसांची झालेली असणार. मग असं म्हणा की रविवारी तुमच्याकडे जे सगळ्यात ताजं असेल त्याचा गुच्छ करा, मावशी सत्तरीच्या आहेत, त्यांना हे हे रंग आवडतात. रंग सांगा, फुलाचा हट्ट धरू नका. चांगल्या फुलवाल्याला ही मोकळीक दिली ना की तो मनापासून काम करतो, हे मी अगदी आतून सांगतेय.

गुलाब घालणार असतील तर बाहेरच्या एकदोन पाकळ्या सुटायला लागलेली पण बुडाशी घट्ट असलेली फुलं निवडायला सांगा. अगदी कच्च्या कळ्या काढल्या असतील तर त्या उमलतच नाहीत, मान टाकतात. आणि पाकळ्यांवर पाणी शिंपडू नका म्हणावं. दिसायला छान दिसतं पण नदीकाठची हवा आधीच दमट, त्यात ओल्या पाकळ्या म्हणजे बोट्रायटिस बुरशीला आमंत्रण, एका रात्रीत तपकिरी डाग पडतात.

काठावरचा:
गवतफूल यांनी फुलांचं सगळं सांगितलंय, मी फक्त नदीचं सांगतो कारण आमचंही गाव असंच दोन काठांचं आहे. नकाशा सरळ रेषेत अंतर दाखवतो, हाकेच्या अंतरावर वाटतं, पण पूल टोकाला असला की तेच अंतर कितीतरी पटीने वाढतं. बाहेरून ऑर्डर घेणाऱ्याला हे कळत नाही, तो "जवळच आहे" म्हणून हो म्हणतो आणि डिलिव्हरीवाला पोरगा ऐनवेळी पलीकडे जायला नाही म्हणतो. त्यामुळे दुकानदाराशी बोलताना पत्ता सांगायच्या आधी काठ सांगा, "घर पलीकडच्या काठाला आहे, पूल ओलांडून यायला लागेल, चालेल ना?" असं स्पष्ट, आणि त्याचे वेगळे पैसे मागितले तर घासाघीस करू नका.

दोन्ही काठांना एकाच नावाची गल्ली किंवा आळी असू शकते हेही बघून घ्या. लोकेशन पाठवाच, पण सोबत एक व्हॉइस मेसेज टाका, पूल उतरल्यावर कुठे वळायचं, दार कुठल्या रंगाचं, बेल वाजवून जरा थांबायचं कारण मावशींना दारापर्यंत यायला वेळ लागतो. हे शेवटचं नक्की सांगा, नाहीतर दोनदा बेल वाजवून पोरगा निघून जातो. पावसाचे दिवस असतील तर आदल्या संध्याकाळी फोन करून पूल चालू आहे ना ते विचारा. पाण्याला चढ असेल तर मी म्हणेन शनिवारीच पोचवून टाका, वाढदिवसाला एक दिवस आधी आलेली फुलं कुणालाही आवडतात, दोन दिवसांनी आलेली मात्र खटकतात.

आणि शेजारच्या कुणाला तरी सांगून ठेवा. सरप्राइज मावशींसाठी ठेवा, शेजाऱ्यांसाठी ठेवायची गरज नाही.

मोगरीचा_मळा:
दुकान मिळालंच नाही तर कुरियरने खोक्यातून पाठवता येतात, पण फुलं विचार करून निवडायची. प्रवासात टिकतात ती कार्नेशन, शेवंती, अल्स्ट्रोमेरिया. कार्नेशन नि शेवंती नीट काळजी घेतली तर दोन आठवडे सहज जातात, गुलाब साधारण आठवडाभर. जरबेरा खोक्यात घालू नये, त्याचा दांडा पोकळ असतो, पाण्याशिवाय राहिला की लगेच वाकतो. ग्लॅडिओलस कळ्यांमध्ये असताना पाठवलं तर मस्त, ते खालून वर एकेक फूल उमलत जातं, त्यामुळे रोज काहीतरी नवीन बघायला मिळतं.

खोकं फळांच्या पेट्यांबरोबर ठेवू नका म्हणून कुरियरवाल्याला सांगा. पिकणाऱ्या फळांमधून इथिलीन वायू निघतो, त्याने फुलं वेळेआधी म्हातारी होतात, कार्नेशन तर मिटूनच जातं. आणि आइस पॅक सरसकट घालू नये, गुलाब कार्नेशनला शून्याच्या जरा वरचं तापमान मानवतं पण ऑर्किड, अँथुरियम ही उष्ण प्रदेशातली फुलं १० अंशांच्या खाली गेली की काळवंडतात.

तरी मला विचाराल तर कुरियर शेवटचा उपाय. फुलं आल्यावर दांडे कापून पाण्यात ठेवायचं काम त्याच माणसाला करायला लागतं ज्याचा वाढदिवस आहे, आणि इथे तर गुडघे दुखतायत.

पाऊलवाट:
बापरे, किती मनापासून लिहिलंयत सगळ्यांनी, खूप आभार. नकाशावर दोन दुकानं सापडली, त्यातलं एक चक्क मावशीच्याच काठाला आहे, हे मला माहीतच नव्हतं. उद्या फोन करते. तिला पांढरा नि पिवळा रंग आवडतो, मी लिलीचा विचार करत होते, मोठी पांढरी, सुवासिक. चालेल ना?

मनीमाऊ_२:
थांबा, लिली अजिबात नको! घरात मांजर आहे म्हणालात ना. लिलियम जातीच्या सगळ्या लिली आणि डे लिली मांजरांसाठी अतिशय विषारी असतात, पान, पाकळी, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा. अंगावर पडलेले पराग चाटून साफ केले तरी किडनी निकामी होऊ शकते, आणि उपचाराला उशीर झाला तर मांजर वाचत नाही. लांब उंच ठेवा वगैरे म्हणून भागत नाही, मांजर कुठेही चढतं आणि परागांची पूड खाली सांडतेच. दुकानदाराला स्पष्ट सांगा, लिली नको, मोकळ्या जागा भरायलाही नको, कारण "ताजं असेल ते घाला" म्हटलं की तो प्रेमाने नेमकी लिलीच घालेल.

ट्युलिप, डॅफोडिलही नको. शेवंती नि कार्नेशनमुळे जीव जात नाही पण चावली तर उलट्या, लाळ गळणं होऊ शकतं, आणि तुमचं मांजर सगळ्याला तोंड लावतं म्हणताय तर मी तीही टाळेन. गुलाब, जरबेरा, स्नॅपड्रॅगन, फॅलेनॉप्सिस ऑर्किड ही मांजराच्या घरात चालतात. पांढरा पिवळा जरबेरा, पांढरा गुलाब, झालं की तुमचं काम.

काठावरचा:
हे मला माहीत नव्हतं, आमच्याकडे दोन मांजरं आहेत. बरं झालं लिहिलंत.

मग कुंडीतलं रोपच का नाही पाठवत? तोडलेली फुलं आठवड्यात जातात, रोप वर्षभर राहतं.

गवतफूल:
रोप चांगलंच, पण मी इथे फुलांच्याच बाजूने आहे. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्याकडे कुंडी पाठवली की रोज पाणी घालायची जबाबदारी पण पाठवली. शिवाय वाढदिवसाची फुलं टेबलावर असतात, येणारा जाणारा विचारतो कुणी पाठवली, चार दिवस घरात तोच विषय चालतो. ही मजा कुंडीत नाही.

मनीमाऊंचा सल्ला शंभर टक्के पाळा. फक्त जरबेरा घेतला तर फुलदाणीत पाणी कमी, चारेक बोटं, कारण त्याचा दांडा खोल पाण्यात सडतो. गुलाबाला जास्त पाणी लागतं, म्हणून दोन्ही एकत्र असतील तर पाणी बेताचं ठेवून रोज बदलायचं.

एक गोष्ट राहिली. हिरव्या स्पंजात खोचलेली रचना नको म्हणून सांगा. तो फ्लोरल फोम १९५४ साली आला, सजावटीला सोयीचा आहे खरा, पण ते प्लॅस्टिकच, कुजत नाही, त्याचा चुरा होऊन बारीक कण पाण्यात जातात. नदीकाठच्या घरातला कचरा शेवटी कुठे पोचतो हे वेगळं सांगायला नको, आणि मला हे मनापासून टोचतं. दोऱ्याने बांधलेला गुच्छ काचेच्या बरणीत पाण्यासकट द्या म्हणावं. दुकानातच दांडे दोनतीन सेंटिमीटर तिरके कापून, पाण्यात बुडणारी पानं काढून द्यायची, म्हणजे मावशींना काहीच करायला नको. पान पाण्यात राहिलं की जंतू वाढतात, दांड्याच्या नळ्या तुंबतात, मग फूल पाण्यात उभं राहूनही तहानेने मरतं.

पाऊलवाट:
अपडेट. मावशीच्या काठावरच्या दुकानात एक काकू आहेत, त्यांच्याशी बोलणं झालं. माल गुरुवारी नि शनिवारी पहाटे येतो, म्हणजे रविवारी आदल्या दिवशीचाच मिळेल. लिली नको म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं "मांजर आहे का?" तेव्हाच मनात म्हटलं दुकान हेच. पांढरे गुलाब, पिवळा जरबेरा, वर थोडा स्नॅपड्रॅगन मिळाला तर. स्पंज नाही, बरणीत. त्यांचा मुलगा सकाळी स्वतः चालत नेऊन देणार, पुलाचा प्रश्नच मिटला. निघायच्या आधी मला फोटो पाठवणार आहेत. आता फक्त कार्ड राहिलं, काय नि कसं कळवू?

मोगरीचा_मळा:
मजकूर फोनवर सांगू नका, ऐकून लिहिताना नावं हमखास चुकतात. कागदावर स्वतःच्या हाताने लिहा, फोटो काढा आणि काकूंना तो प्रिंट करून गुच्छाला लावायला सांगा, मावशी तुमचं अक्षर ओळखतील. थोडक्यातच लिहा पण अक्षर मोठं ठेवा, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं. आणि खाली "तुझी लाडकी" वगैरे एवढंच लिहून सोडू नका, नाव लिहा, सत्तरीच्या मावशीला लाडकी भाचरं बरीच असतात.

पाऊलवाट:
लिहायला घेतेच आता. रविवारी फोटो इथे टाकते.