'इन्सुल्सो'ला मराठीत काय म्हणायचं?

कृष्णाकाठ (सांगली):
एकांकिकेसाठी एक इटालियन प्रहसन मराठीत आणायचं चाललंय. एक पात्र दुसऱ्याबद्दल म्हणतं, 'के उओमो इन्सुल्सो!' ॲपने 'काय मूर्ख माणूस!' असं भाषांतर दिलं. पण तो मूर्ख नाही. शिकलेला आहे, देखणा आहे, फक्त बोलायला लागला की समोरचा जांभया देतो. पुढे हाच शब्द विनोदाला लावलाय, 'बात्तूता इन्सुल्सा'. दोन्हीकडे एकच शब्द चालेल का? आणि 'इन्सल्ट'शी याचं काही नातं आहे का?

माहुलीकर:
'इन्सल्ट'शी नातं नाही. ते 'इन्सुल्तो', मूळ 'सालिरे' म्हणजे उडी मारणे. अंगावर उडी घेणे, त्यावरून अपमान. तुमचा शब्द मिठातला. लॅटिन 'साल' म्हणजे मीठ, 'साल्सुस' म्हणजे खारवलेला आणि म्हणूनच चटकदार बोलणाराही. त्याला नकाराचा 'इन' लागला की 'इन्सुल्सुस'. मधल्या 'सा'चा 'सु' का झाला? लॅटिनमध्ये पुढे उपसर्ग लागला की 'ल' आणि त्याला जोडून दुसरं व्यंजन असेल तर त्याआधीचा 'अ' असा 'उ'कडे घसरतो. 'साल्तारे'चं 'इन्सुल्तारे', 'काल्कारे'चं 'इन्कुल्कारे', तसंच हे. त्यामुळेच दोन्ही शब्द सख्खे भाऊ वाटतात आणि तालमीत घोळ होतो.

मराठीत याचं जुळं तयार आहे: अळणी. संस्कृत 'अलवण', म्हणजे अ अधिक लवण. बांधणी अगदी तीच. उलट बाजूही जुळते, 'लावण्य' शब्द लवणातूनच आलाय. रोमन कवी कातुल्लुसच्या ८६ व्या कवितेत क्विन्तिया नावाची बाई गोरी, उंच, सरळ बांध्याची आहे. हे सगळं तो कबूल करतो, पण एवढ्या मोठ्या देहात 'मिका सालिस', मिठाचा एक कण नाही म्हणून तिला सुंदर म्हणायला तयार होत नाही. तुमच्या देखण्या पात्राचं नेमकं हेच दुखणं आहे.

कट_वाढा:
अर्थ बरोबर, पण रंगमंचावर 'काय अळणी माणूस!' म्हटलं की मागच्या रांगेला क्षणभर आमटी आठवणार. आधी वाक्यात देखणेपणा येऊ द्या, मग शब्द टाका: 'दिसायला राजबिंडा, पण माणूस अळणी!' 'पण'नंतर किंचित थांबायचं. शब्द शेवटी आला की हशा येतो, मधे आला की विरतो.

विनोदाला मात्र 'अळणी' नको. आपल्याकडे पडलेल्या विनोदाला 'पाणचट' म्हणतात, तेच ठेवा. 'सपक'चाही विचार करून बघा, पण आपल्या भागात सपक म्हणजे तिखट नसलेलं आणि अळणी म्हणजे मीठ नसलेलं. भडंगात मिरची-लसूण भरपूर आणि मीठ विसरलं तर ते अळणी, सपक नव्हे. 'मिळमिळीत' टाळा, त्यात धड हो नाही, धड नाही नाही, अशी कच खाल्ल्याची छटा येते. 'रटाळ'मध्ये लांबण येते, आणि इन्सुल्सो माणूस दोन वाक्यांतही इन्सुल्सो असू शकतो.

माहुलीकर:
पटलं. ॲपचा 'मूर्ख' मात्र अगदीच हवेतून आलेला नाही. कातुल्लुसच्याच १७ व्या कवितेत 'इन्सुल्सिस्सिमुस' नवरा आहे, त्याला दोन वर्षांच्या पोराएवढीही अक्कल नाही. लॅटिनमध्ये शब्द तिथवर जातो. रोमन वक्ता सिसेरोकडे तो विनोदाच्या बाजूला जास्त आहे. विनोदाचं शास्त्र लिहायला निघालेले लोक असे काही इन्सुल्सी निघाले की त्यांच्या त्या अळणीपणालाच हसावं लागतं, असं तो म्हणतो. (हा धागा त्याने वाचू नये.) आजच्या इटालियनमध्ये माणूस, गप्पा, सिनेमा यांनाच 'इन्सुल्सो' लावतात. जेवणात मीठ कमी असेल तर सहसा 'इन्सीपिदो' किंवा 'शापो'.

कृष्णाकाठ:
मग पुढच्या प्रवेशात पावाला 'शॉक्को' म्हटलंय, ते काय? माझ्या माहितीत शॉक्को म्हणजे बावळट.

माहुलीकर:
पात्र इटलीतल्या तोस्काना प्रांताचं असेल. तिथे 'शॉक्को' म्हणजे बिनमिठाचाही. तिथला पारंपरिक पाव मीठ न घालताच करतात. २०१६ मध्ये त्याला युरोपीय संघाचं 'डीओपी', म्हणजे मूळ प्रदेशाशी बांधलेल्या पदार्थाचं मानांकनही मिळालं. तेव्हा 'बावळट पाव' करू नका. खरं तर तुमची सोय झाली: पाव अळणी, माणूसही अळणी. पावाचं वाक्य आधी येत असेल तर मागच्या रांगेला आमटी आठवण्याचा प्रश्नच उरत नाही.

कट_वाढा:
नंतर येतंय, 'पुढच्या प्रवेशात' म्हणालेत ते. तरी चालेल. पाव तोडून त्या माणसाकडे नुसतं बघायचं, वाक्य म्हणायचंच नाही.

कृष्णाकाठ:
हे घेतो. उच्चार?

माहुलीकर:
इन्-सुल्-सो, जोर 'सुल्'वर. बाईला 'इन्सुल्सा', अनेक पुरुषांना 'इन्सुल्सी', अनेक बायकांना 'इन्सुल्से'. नाम 'इन्सुल्साज्जिने', त्यात जोर 'साज्'वर.