मदत हवी: सॉफ्टवेअर उघडेना, परवा चित्ररथ आहे!!

अनगोळचा_मावळा
कालपासून उघडेना. डबल क्लिक केलं की चित्र येतंय आणि तिथंच अडकतंय. रिस्टार्ट झालं, काढून परत टाकूनही झालं. देखाव्याचे सगळे संवाद त्यातच आहेत, मंडळाची पोरं दर तासाला विचारायलेत. लवकर सांगा की ओ.

निपाणीकर
कुठलं सॉफ्टवेअर? विंडोज कुठलं? परवापर्यंत चालत होतं काय?

खानापूर_एक्सप्रेस
फॉरमॅट मारा. माझ्या लॅपटॉपला असंच झालं होतं, अर्ध्या तासात मोकळा.

निपाणीकर
@खानापूर_एक्सप्रेस, चित्ररथ परवा आहे आणि तुम्ही फॉरमॅट मारायला सांगताय? धन्य.

अनगोळचा_मावळा
रीपर, ते आवाज रेकॉर्ड आणि मिक्स करायचं. विंडोज १०. चालत होतं की ओ, म्हणून तर विचारतोय.

पेटीवाला_शहापूर
आमच्या वेळी दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून, खोलीचं दार लावून, पंखा बंद करून अख्खा देखावा एका कॅसेटमध्ये बसवायचो. ज्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पेटी शिकवली, तिथं आता तुतारीपण कॉम्प्युटरातनं यायला लागली!

टिळकवाडी_बॉय
काका, पेटीवर घोड्याच्या टापा वाजवून दाखवा मग 😀
@मावळा, ऑडॅसिटी टाक. फुकट आहे, हलकं आहे.

निपाणीकर
ऑडॅसिटीत रीपरचा प्रोजेक्ट उघडत नाही. मावळा, चित्र अडकतं तेव्हा खाली बारीक अक्षरात काही लिहून येतं काय?

अनगोळचा_मावळा
येतंय काहीतरी. स्कॅनिंग व्हीएसटी आणि पुढं कुठलीतरी फाइल. ते महत्त्वाचं आहे काय?

निपाणीकर
तेवढंच महत्त्वाचं आहे बाबा! व्हीएसटी म्हणजे प्लगिन, रीपरला वरून जोडायचा आवाज किंवा इफेक्ट. परवा-काल नवीन टाकलंस काय?

अनगोळचा_मावळा
नाही.
म्हणजे तुतारीचं एक टाकलं. मित्रानं पेनड्राइव्हवर दिलेलं. पण ते सॉफ्टवेअर नाही, नुसता आवाज आहे.

निपाणीकर
तेच. रीपर सुरू होताना प्रत्येक नवं प्लगिन उघडून बघतो. तुझं प्लगिन लायसन्स मागत असणार आणि ती खिडकी चित्राच्या मागं लपलेली असणार. तू 'हो' म्हणेपर्यंत ते थांबलंय, ते होईपर्यंत रीपर थांबलाय. चित्र आल्यावर आल्ट दाबून टॅब दाब, दिसेल. परत टाकून उपयोग नव्हता, कारण रीपर काढला तरी प्लगिनची फाइल तिच्या फोल्डरात तशीच राहते.
आता टास्क मॅनेजर उघडून चालू असलेले सगळे रीपर बंद कर. मग ती तुतारीची फाइल व्हीएसटी फोल्डरातनं उचलून डेस्कटॉपवर ठेव. संवादांची काळजी नको. रेकॉर्डिंगच्या वेव्ह फाइली वेगळ्या असतात. प्रोजेक्टची आरपीपी फाइल तर नुसता मजकूर आहे, नोटपॅडमध्येसुद्धा उघडते.

खानापूर_एक्सप्रेस
फॉरमॅट मारलं असतं तरी प्लगिन गेलंच असतं.

टिळकवाडी_बॉय
घर जाळलं तर ढेकूणही मरतात.

येळ्ळूरचा_साउंडवाला
विचारलं नाही तरी सांगतो. मिक्स मोनो करा, म्हणजे दोन्ही बॉक्सात एकच आवाज. मागं एका मंडळानं झोकात स्टिरिओ केलं, महाराज डाव्या बॉक्सात आणि खान उजव्या. रथाच्या दोन बाजूंना दोन बॉक्स. उजव्या फुटपाथवरच्या लोकांनी अर्धा तास एकटा खान ऐकला. आणि संवाद चालू असताना खालचं संगीत बारीक ठेवा, शेजारच्या मंडळाचा डॉल्बी आणि स्वतःचा जनरेटर यातनं शब्द बाहेर यायला पाहिजे.

पेटीवाला_शहापूर
हे मात्र खरं बोललात.

अनगोळचा_मावळा
उघडलं!!!! टास्क मॅनेजरमध्ये नऊ रीपर होते 🙈 खिडकी खरंच मागं होती, सिरियल नंबर मागत होती. संवाद सगळे आहेत. निपाणीकर, तुमच्यासाठी कुंदा पक्का. आता तुतारीचं काय करू? आणि मोनो कुठं असतंय?

निपाणीकर
मास्टर ट्रॅकवरच मोनोचं बटण आहे. तुतारी साध्या वेव्ह फाइलमध्ये घे, प्लगिन कशाला पाहिजे?

पेटीवाला_शहापूर
तुतारी वाजवणारा माणूस आहे माझ्या ओळखीचा. एका मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवू काय?

अनगोळचा_मावळा
पाठवा की काका, आजच! रात्री बसून मिक्स करतो.

पेटीवाला_शहापूर
बरं. तुमचा रथ रामलिंगखिंड गल्लीत किती वाजता येतोय?

टिळकवाडी_बॉय
काका, पहाटेचा चहा घेऊनच बाहेर पडा.