विंडोज १० वरून ११ वर जावं का? जुन्या लॅपटॉपसाठी सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

घरच्या लॅपटॉपचं काय करावं ते ठरत नाहीये. इंटेल कोअर आय५-७२००यू, ८ जीबी रॅम, १ टीबीची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क, त्यावर विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवून पाहिलं तर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आहे, सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टीम खात्रीची आहे का हे तपासणारी सोय) आहे, रॅम आणि जागाही पुरेशी आहे. फक्त प्रोसेसर ११ च्या यादीत बसत नाही, कारण तो सातव्या पिढीचा आणि अट आठव्या पिढीपासून पुढची.

रूफस (विंडोजचा पेनड्राइव्ह बनवायचं मोफत सॉफ्टवेअर) वापरून ही तपासणी टाळता येते, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. करायला अवघड वाटत नाही. पण हा लॅपटॉप बाबा नेटबँकिंगसाठी वापरतात, त्यामुळे 'चालतंय ना, मग झालं' एवढ्यावर माझं समाधान होत नाही. शिवाय एक जुना स्कॅनर याच्यावरच चालतो. आणि युनिकोडच्या (सगळीकडे सारखं दिसणाऱ्या हल्लीच्या मराठी टायपिंगच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आईच्या लेखांची ढीगभर कागदपत्रं आहेत, ती उघडली नाहीत तर मला फार लागेल.

आणखी एक. सुरू केल्यावर बराच वेळ मशीन हलतच नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर जेमतेम दहा-पंधरा. ११ टाकल्यावर हे सुधारेल की आणखी बिघडेल? विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत लिनक्सबद्दलही ऐकलंय, पण बाबांना ते जमेल का ही धाकधूक आहे.

प्रतिसाद

तुमच्या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण खरं दुखणं तिथेच आहे. डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर रिकामा, म्हणजे मशीन हार्ड डिस्कसाठी खोळंबलंय. ११ टाकून हे सुधारणार नाही. आधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. या वयाच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा अडीच इंची, साटा नावाच्या जोडणीची डिस्क असते, पण विकत घेण्याआधी मागचं झाकण उघडून किंवा मॉडेल नंबरवरून खात्री करा.

आता ११ चं. तपासणी टाळून ते तुमच्या प्रोसेसरवर चालेल. मात्र अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती सहसा आपोआप येत नाही, दर वेळी हाताने टाकावी लागते. तुम्ही घरी नसाल तेव्हा ते कोण करणार? ज्या मशीनवर बँकेचं काम होतं तिथे मी हा मार्ग घेणार नाही.

त्यापेक्षा विंडोज १० चं वाढीव सुरक्षा अपडेट, म्हणजे ईएसयू, घ्या. घरगुती वापरासाठी ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झालंय. आवृत्ती २२एच२ हवी (रनमध्ये 'विनव्हर' टाइप केलं की दिसेल) आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक येते. यात नवीन सोयी मिळत नाहीत, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. स्कॅनर आणि फॉन्ट जसेच्या तसे राहतात, तुमच्या दृष्टीने हेच मोलाचं.

ही मुदत कायमची नाही, तेव्हा मधल्या काळात लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) पेनड्राइव्हवरून चालवून बघा. इन्स्टॉल न करता अख्खी सिस्टीम सुरू होते, डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज आणि मुख्य म्हणजे स्कॅनर तपासा. बाबांचं काम ब्राउझरमध्येच असेल तर त्यांना फार फरक जाणवणार नाही.

आणखी एक प्रतिसाद

फॉन्टबद्दल: जुन्या फॉन्टची टीटीएफ फाइल (फॉन्टचीच फाइल) लिनक्सवर टाकली की लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) मजकूर दिसतो, ओळी थोड्या इकडेतिकडे होतात एवढंच. टायपिंगचं सॉफ्टवेअर मात्र विंडोजचंच असतं. म्हणून काहीही ठरवलंत तरी आईंचे लेख आजच पीडीएफ करून ठेवा आणि फॉन्टच्या फायलींसकट बाहेरच्या डिस्कवर उतरवा. जमेल तसे कन्व्हर्टरने युनिकोडमध्येही आणा. जोडाक्षरं आणि रफार चुकतात, तेव्हा मूळ पान शेजारी ठेवून वाचावं लागेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आवृत्ती २२एच२ च आहे, ईएसयूची नोंदणी आज करतो. पीडीएफचं काम सुरू केलंय. एकच विचारतो: एसएसडीवर सगळं क्लोन करू (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) की विंडोज १० नव्याने टाकू?

प्रतिसाद

क्लोन करा. स्कॅनरचा जुना ड्रायव्हर आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर पुन्हा मिळेलच असं नाही. त्याआधी डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा आकडा, लिहून ठेवा आणि ते बंद करूनच क्लोनिंगला लागा. नवी डिस्क महिनाभर नीट चालेपर्यंत जुनी पुसू नका.