मदत हवी आहे : मागच्या गच्चीवरचा टॉवर आणि आईची डोकेदुखी

नमस्कार मंडळी. आम्ही नागपुरात मानेवाड्याकडे राहतो. मागच्या गल्लीत एका गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि तेव्हापासून आईचं डोकं दुखतंय. झोप नाही, कानात गुणगुण, तळव्यांना मुंग्या. वय ६३. आता वायफाय बंद, टॉवरच्या बाजूच्या खिडकीला पोळ्या गुंडाळायची फॉइल चिकटवलेली आणि तिचा फोन स्टीलच्या डब्यात. त्यामुळे फोन लागत नाही म्हणून मामा माझ्यावर भडकतो.

टॉवर घातक आहे का, हा माझा प्रश्न नाही. २०१२ साली दूरसंचार विभागाने टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, हे वाचलंय. २०११ मध्ये आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) रेडिओलहरी '२बी', म्हणजे कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात टाकल्या, तेही ठाऊक आहे. भावाने नेमकं तेवढंच आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं! जागतिक आरोग्य संघटना २००५ पासून सांगते की अशा लोकांचा त्रास खरा असतो, पण तो या लहरींमुळेच होतो याला शास्त्रीय आधार नाही. उपकरण चालू की बंद हे न सांगता घेतलेल्या चाचण्यांत त्यांना ते ओळखता आलेलं नाही.

पण यातलं काही बोललं की आईला ऐकू येतं, 'तू नाटक करतेस.' डॉक्टरकडे चल म्हटलं तर, "टॉवर काढा न, डोकं थांबते आपोआप. मले गोळ्या काहून देता?" नाटक ती नक्कीच करत नाही. रात्री डोक्याला ओढणी करकचून बांधून स्वयंपाकघरात बसलेली असते.

टॉवरची मोजणी करून मिळते का? आणि तिला डॉक्टरकडे न्यायचं कसं?

प्रतिसाद :
मिळते. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर तुमच्या भागातले टॉवर नकाशात दिसतात, तिथेच शुल्क भरून मोजणी मागता येते. पण आकडा कमी आला की आईंचं समाधान होईल, या भरवशावर राहू नका. 'सगळे मिळालेले आहेत' हे उत्तर आमच्या घरी ऐकलंय. आणि तो डबा आधी काढा. सिग्नल कमी मिळाला की फोन उलट जास्त जोर लावतो. 'अँटी रेडिएशन' स्टिकर विकायला कोणी आलं तर दारातूनच वाटेला लावा.

प्रतिसाद :
ताई, कारणावर वाद घालूच नका. 'टॉवरचं काय ते बघतो, तोवर डोकं तर दाखवून घेऊ' एवढंच म्हणा, यात खोटं काही नाही. फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात करा : बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ (मुंग्या म्हणताय म्हणून), चष्म्याचा नंबर. कानातल्या आवाजासाठी कान-नाक-घसावाले. टॉवर आल्यावर सुरू झालं म्हणून टॉवरमुळेच, असं धरून बसलात तर साधं बीपीसुद्धा तपासायचं राहून जाईल.

एक विचारतो. त्या टॉवरला डिझेल जनरेटर आहे का? कुठे ठेवलाय?

धागाकर्ती :
आहे! आईच्या खोलीमागच्या भिंतीला लागूनच. लाइन गेली की धडधड सुरू आणि खिडकीतून धूर. उन्हाळ्यात रात्री लाइन जातेच.

प्रतिसाद :
मग लहरी राहू द्या बाजूला, झोपेचं खोबरं करायला आवाज आणि धूर पुरेसे आहेत. अर्धवट झोपेने डोकं कोणाचंही दुखेल. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. तक्रार जनरेटरची करा, लेखी, टॉवर कंपनी आणि इमारतीचा मालक दोघांकडे. सोबत रात्रीचा व्हिडिओ जोडा. दाद नाही लागली तर पोलीस ठाणे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ. आणि आईंची खाट आजच पुढच्या खोलीत हलवा.

धागाकर्ती :
खाट हलवते. अर्जाचा नमुना कोणाकडे असेल तर इथेच टाका, प्लीज. सही आईचीच घेईन.