अनुभव धागा: इंग्लंडमधली बाजाराची गावं आणि खेडी

जुन्नरची_सुमेधा
परवा बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात गेले होते. बैलबाजारात दोघं जण रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत होते, तोंडातून एक शब्द नाही. ते बघताना डर्बीशायरमधलं बेकवेल आठवलं. यांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं शेफिल्डला होतो. बेकवेललाही जनावरांचा बाजार सोमवारीच, वाय नदीच्या पलीकडे. पण तिथे भाव सगळ्यांच्या कानावर पडतो. पुकारणारा एका दमात आकडे म्हणत सुटतो आणि मेंढ्यांचे शेतकरी कठड्याला टेकून जेमतेम मान हलवतात. नदीच्या अलीकडे गावात चीज, रोपं, लोकरी मोजे, भांडी, सगळ्याची पालं.

तिकडच्या खेड्यांबद्दल बोलायचं तर लोक फुलांनी मढवलेल्या घरांचे फोटो दाखवतात. मला ही गावं बाजाराच्या दिवशीच खरी आवडली. त्या दिवशी गावातली माणसं स्वतःच्या कामाला बाहेर पडलेली असतात, आपल्याला दाखवायला नाही. तुम्ही कुठे कुठे गेलात? लिहा ना.

लीड्सकर
मंगळवारी हॉज! यॉर्कशायर डेल्समध्ये. वेन्सलीडेल चीज तिथलंच. फ्रूटकेकच्या तुकड्यावर चीजची चकती ठेवून खातात. आमच्या आईने आधी नाक मुरडलं, मग दुसरा तुकडा मागितला.

अनघा_मिरज
बेकवेल पुडिंग खाल्लं का सुमेधाताई? खाली पापुद्र्याचं आवरण, त्यावर जॅम, वर अंडं-बदामाचं सारण. दुकानांत मिळतं ते टार्ट वेगळं. गावातले लोक दोन्हींची गल्लत केलेली अजिबात खपवून घेत नाहीत.

जुन्नरची_सुमेधा
खाल्लं तर! गरम, कस्टर्ड घालून 🙂

डॉ_वैद्य
बेकवेलहून जवळच ईम आहे. १६६५ मध्ये लंडनहून शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं आणि त्यातून प्लेग आला असं सांगतात. १६६६ च्या उन्हाळ्यात धर्मगुरू मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून गावाने स्वतःला कोंडून घेतलं, रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून. अडीचशेहून जास्त माणसं गेली, मॉम्पेसन यांची बायकोसुद्धा. वेशीवरचा दगड अजून आहे. त्यात खळगे आहेत. त्यांत व्हिनेगर घालून नाणी ठेवायची आणि बाहेरच्यांनी तिथे धान्य ठेवून जायचं.

माझ्या पणजीने १८९७ चा पुण्याचा प्लेग पाहिलेला. तिच्याकडून ऐकलं ते सगळं घर सोडून शेतात झोपड्या बांधून राहण्याचं. त्या दगडापाशी मी बराच वेळ उभा होतो.

कोकणी_माणूस
२०२० मध्ये आमच्या वाडीने वेशीवर बांबू टाकले होते. मुंबईहून येणारा माझा सख्खा भाऊ शाळेत १४ दिवस. डबा वहिनी लांबून ठेवायची. डॉक्टर, तुमचं वाचून तेच आठवलं.

अनघा_मिरज
भाऊ बरे आहेत ना आता?

कोकणी_माणूस
हो हो, त्याला काही झालंच नव्हतं. आता गावातच असतो, काजूचं बघतो.

साताऱ्याचा_फौजी
मला तिकडच्या जवळजवळ प्रत्येक खेड्यातले युद्धस्मारकाचे दगड आठवतात. चर्चजवळ किंवा चौकात, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावं. तीन-तीन नावं एकाच आडनावाची. कॉट्सवोल्डमधलं अपर स्लॉटर मात्र वेगळं, तिथून दोन्ही महायुद्धांत गेलेले सगळे जिवंत परतले. अशी गावं अगदी मोजकी आहेत. आमच्याकडेही साताऱ्यात गावोगावी इंग्रजांनी लावलेल्या पाट्या आहेत, या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नुसते आकडे. नावं नाहीत. ती नावं अजूनही कोरायला हवीत असं मला मनापासून वाटतं. माझे खापरपणजोबा मेसोपोटेमियात गेले.

लीड्सकर
🙏

चिऊताई_रेडिंग
मुलाला शाळेतून आणायला निघालेय, पटकन लिहिते. हेन्लीजवळ स्टोक रो म्हणून खेडं आहे, तिथे चक्क काशीच्या महाराजांनी बांधून दिलेली विहीर आहे! तिथला रीड नावाचा अधिकारी आपल्याकडे होता, त्याने १८३१ मध्ये आझमगढला विहीर खोदवली होती. त्याने महाराजांना इंग्लंडमधल्या स्वतःच्या भागातल्या पाणीटंचाईचं सांगितलं होतं, घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून आईचा मार खाल्लेला पोरगा वगैरे. महाराजांनी ते लक्षात ठेवलं. १८६४ मध्ये विहीर खुली झाली. ३६८ फूट खोल, हातांनी खोदलेली! वर घुमट, आत सोनेरी हत्ती. खर्च भागावा म्हणून शेजारी चेरीची बागही लावली होती. इंग्लंडमध्ये पाणीटंचाई हे आमच्या मुलाला पटेचना, मग खडूच्या डोंगरात पाणी किती खोल जातं ते समजावलं. बाकीचं नंतर.

माणदेशी
३६८ फूट! आमच्याकडे बोअर तेवढ्यावर लागलं तर पेढे वाटतो.

पायवाट
कोणी पायवाटांबद्दल लिहिलं नाही? तिथे कुणाच्या गव्हाच्या शेतातून, कुणाच्या कुरणातून जायचा कायद्याने हक्क असतो. नकाशावर हिरव्या तुटक रेषा असतात. फाटक उघडलं की मागे लावायचं, कुत्रं दोरीला बांधायचं. आणि वासरं असलेल्या गायींपासून लांब राहा, हे गंभीरपणे सांगतोय. आपल्या गायीसारखं जवळ जाऊन पाठ थोपटायला जाऊ नका. एक वाट दुसऱ्या गावात उतरते, तिथे पबमध्ये सूप-पाव, मग बसने परत. रविवारी बस असेलच असं नाही, वेळापत्रक आधी बघा.

मेधा_क
मे महिन्यात आईबाबांना न्यायचंय, लंडनहून. बाबांचे गुडघे दुखतात. कुठलं गाव सोपं पडेल? प्लीज लवकर सांगा, तिकिटं काढायचीत.

चिऊताई_रेडिंग
मेधा, मोरटन-इन-मार्श. पॅडिंग्टनहून थेट ट्रेन, साधारण दीड तास, स्टेशनपासून बाजार अगदी जवळ. मंगळवारी जा. मुख्य रस्ता रुंद आणि बऱ्यापैकी सपाट आहे, जुन्या रोमन रस्त्यावरच वसलंय ते. तिथून बसने चिपिंग कॅम्पडन, १६२७ चा दगडी बाजारमंडप बघायला. लोणी, चीज, कोंबड्या विकणाऱ्यांना पावसात आडोसा म्हणून बांधलेला. मंडपाची फरशी मात्र फार उंचसखल, बाबांचा हात धरा.

मेधा_क
थँक्यू ताई! आई अंडंही खात नाही, जेवायचं काय?

अनघा_मिरज
जॅकेट पोटॅटो विथ बीन्स, सगळीकडे मिळतो. चीज-कांद्याची पेस्टी मिळते, पण त्यावर अंडं फासलेलं असू शकतं, विचारून घे. स्कोनमध्येही कधी कधी अंडं असतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ने, बाकावर बसून खा.

लीड्सकर
दशम्या दुधात भिजवता की पाण्यात?

अनघा_मिरज
दुधातच. प्रवासात टिकतात.