मदत हवी आहे: ईस्टचा क्रम कसा लावू? उद्या रात्री यादी द्यायचीय

जर्सीकर:
मंडळी, घाईत आहे. ऑफिसच्या बेसबॉल पूलमध्ये (अमेरिकेतल्या मेजर लीगच्या निकालांचे अंदाज लावायची स्पर्धा) यंदा पहिल्यांदाच नाव घातलंय. बाकी पाच डिव्हिजन (पाच-पाच संघांचे गट) लावून झाल्या, ईस्ट नावाच्या डिव्हिजनपाशी दोन रात्री अडकलोय. पाचही संघ चांगलेच वाटतात. खोडून खोडून वहीचं पान फाटलं. कोण पहिला, कोण शेवटचा, एवढंच सांगा.

जुना_अंपायर:
कुठली ईस्ट? दोन्ही लीगमध्ये आहे. आणि गुण नुसत्या क्रमाचे की विजयांच्या आकड्याचेही?

जर्सीकर:
अमेरिकन लीगचीच हो, यांकीजवाली.

सूत्रधार_पुणे:
विजय बघू नका, धावा बघा. केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, गुणिले हंगामातले १६२ सामने, की अपेक्षित विजय मिळतात. बेसबॉलच्या आकडेवारीवाल्या बिल जेम्सचं सूत्र. २०२५ मध्ये टोरांटो आणि यांकीज दोघांचे ९४ विजय, पण धावांच्या फरकात यांकीज बरेच पुढे. यांकीज पहिले लिहा.

टोरांटोवासी:
आणि डिव्हिजन कोणी जिंकली? आपसातल्या १३ पैकी ८ सामने टोरांटोने घेतले होते, बरोबरी तिथेच सुटली. २०२२ पासून त्यासाठी जादा सामना नसतो. हाच संघ २०२४ ला ७४ विजयांसह तळाला होता. कुठलं सूत्र हे आधी सांगणार होतं?

सूत्रधार_पुणे:
एका संघाने उडी मारली म्हणून सूत्र खोटं ठरत नाही.

क्वीन्सचा_भाऊ:
मी फक्त पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे मोजतो. मार्चमध्ये कोणाच्या कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेला अस्थिबंध बदलायची) झाली ते बघा, वर्ष गेलंच समजा. पैशावर तर जाऊच नका. २०२३ ला दुसऱ्या लीगमधल्या मेट्सचा पगारखर्च सगळ्यांत मोठा, विजय ७५, डिव्हिजनमध्ये नंबर चौथा.

टोरांटोवासी:
२०२५ च्या मार्चमध्ये यांकीजचा पिचर गेरिट कोलची तीच शस्त्रक्रिया झाली, भाऊ. तरी यांकीज ९४.

कोल्हापूरकर_८२:
आपल्या आयपीएलसारखा नेट रनरेट लावला तर हा वादच मिटेल.

सूत्रधार_पुणे:
मी दुसरं काय म्हणतोय!

मीना_एडिसन:
प्रत्येक लीगमधून सहा संघ प्लेऑफला जातात, तीन डिव्हिजन विजेते आणि तीन वाइल्ड कार्ड, म्हणजे उरलेल्यांतले सर्वांत चांगले. मुलाच्या कोचने समजावलं होतं, म्हणून लिहिते.

जर्सीकर:
ताई, ते ठाऊक आहे. मला क्रम हवाय.

जुना_अंपायर:
माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं काय झालं?

जर्सीकर:
आकड्याचेही गुण आहेत. अंदाज खऱ्या विजयांच्या पाचच्या आत आला तर एक गुण. मी ९६, ९४, ९३, ९०, ८८ लिहिलेत.

जुना_अंपायर:
अहो, हे आधी सांगायचं! ही बेरीज ४६१ होते. २०२५ ला याच पाच संघांचे ९४, ९४, ८९, ७७, ७५ झाले, बेरीज ४२९. हे पाच संघ आपसातच १३० सामने खेळतात, त्यातल्या प्रत्येकात त्यांच्यापैकीच एक हरतो. पाचही जण ८८ च्या वर कसे जातील? आता तीसही संघांच्या आकड्यांची बेरीज करा. हंगामात एकूण सामने २४३० आणि प्रत्येकात एकच विजेता, म्हणून ती २४३० च यायला हवी.

जर्सीकर:
२५४१ आली.

जुना_अंपायर:
म्हणजे १११ विजय कुठेच नाहीत. चूक एकट्या ईस्टची नाही, सगळी यादी फुगलीय. तळाच्यालाही ७५ च्या आसपास ठेवा, २०२४ च्या व्हाइट सॉक्ससारखे ४१ क्वचितच कोणाच्या वाट्याला येतात. वरच्याला ९२ पुरे.

सूत्रधार_पुणे:
आणि क्रम धावांवरूनच लावा.

जर्सीकर:
यांकीज ९१, टोरांटो ८९, रेड सॉक्स ८७, ओरिओल्स ८१, रेज ७८. बेरीज ४२६, ईस्टमधून ३५ गेले. मनापासून आभार, काका. अजून ७६ काढायचेत. डॉजर्सना मी ११८ दिलेत, ते राहू देऊ का?

जुना_अंपायर:
११६ च्या वर आजवर कोणीच गेलेलं नाही. तिथूनच काढायला लागा.