टेक्सास: सीमा व्यापार समन्वयाचं कार्यालय वाढवलं तर राज्यावर भार किती? (खतावणी, ताळेबंद आणि वेशीपलीकडे ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

खतावणी:
टेक्सासमध्ये गव्हर्नर 'बॉर्डर कॉमर्स कोऑर्डिनेटर' (सीमा व्यापार समन्वयक) नेमतात. हे काम अनेकदा राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडेच असतं (केंद्राचे परराष्ट्रमंत्री नव्हेत). एखाद्या विधेयकाने समन्वयकाची कामं वाढवली आणि दोन पदं लागणार असतील, तर फिस्कल नोटमध्ये (विधेयकाच्या खर्चाच्या अंदाजपत्रात) आकडा कसा बसवतात? काही नोट्समध्ये "लक्षणीय भार नाही" एवढंच असतं. काम वाढून खर्च शून्य कसा?

ताळेबंद:
नोट लेजिस्लेटिव्ह बजेट बोर्ड (विधिमंडळाचं अर्थसंकल्प मंडळ) काढतं, पण कच्चे आकडे संबंधित खात्याकडूनच येतात. पाच वर्षांचा तक्ता असतो. आर्थिक वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं आणि ज्या साली संपतं त्या सालाने ओळखतात, त्यामुळे सप्टेंबर २०२५ चा पगार २०२६ च्या रकान्यात जातो.

उदाहरणापुरता पगार वर्षाला ७०,००० डॉलर धरा. दोन पदांचे झाले १,४०,०००. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा मालकाचा वाटा ७.६५ टक्के, म्हणजे १०,७१०. आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन याशिवाय. लॅपटॉप, टेबल-खुर्ची हा अनावर्ती खर्च, तो फक्त पहिल्या वर्षी. तोच आकडा पाचही रकान्यांत ओढला की पुढची वर्षं उगाच फुगतात.

वेशीपलीकडे:
प्रवासखर्च सरसकट धरू नका. राजधानी ऑस्टिनहून मेक्सिको सीमेवरच्या लारेडोला गाडीने साधारण चार तास, पण सीमेवरचंच एल पासो ९०० किलोमीटरच्या पुढे. तिथली बैठक म्हणजे विमान आणि मुक्काम आलाच. आधी बैठका कुठे आणि किती ते ठरवा, मग गुणाकार.

काय धरायचं नाही तेही बघा. लारेडोचा वर्ल्ड ट्रेड ब्रिज फक्त मालवाहतुकीचा. तो शहराच्या मालकीचा आणि तिथली कस्टम्स तपासणी केंद्राची, म्हणून त्यांचा खर्च राज्याच्या नोटमध्ये नको. बॉर्डर ट्रेड ॲडव्हायझरी कमिटी या सीमा व्यापार सल्लागार समितीचं अध्यक्षपद समन्वयकाकडे असलं तरी समिती परिवहन खात्याला सल्ला देणारी. तिचा खर्च समन्वयकाच्या आणि परिवहनच्या, अशा दोन्ही खात्यांनी दाखवला की बेरीज दुप्पट.

ताळेबंद:
आता शून्याचं. त्याचा अर्थ इतकाच, की खातं म्हणालं, "आहे त्या माणसांत भागवू." तेच अधिकारी जास्त फायली हाताळतात, खर्च तक्त्यात दिसत नाही, विलंबात दिसतो. माझ्या मते नवी कामं पाच-सहा असतील तर खात्याकडून कामागणिक तासांचा हिशेब मागवावा. पूर्ण वेळाचं एक पद म्हणजे वर्षाला २,०८० तास.

खतावणी:
विधेयक मंजूर झालं की पैसे आपोआप मिळतात का?

वेशीपलीकडे:
नाही. नोट म्हणजे अंदाज, विनियोजन (पैशाची मंजुरी) नव्हे. रक्कम जनरल ॲप्रोप्रिएशन्स ॲक्टमध्ये, म्हणजे राज्याच्या अर्थसंकल्पी कायद्यात, यावी लागते, आणि खात्याची पदमर्यादाही तिथेच वाढवून घ्यावी लागते. पैसे आले पण मर्यादा तीच राहिली, तर भरती अडते. नियमित अधिवेशन विषम सालांतच, १४० दिवसांचं, त्यामुळे एकदा हुकलं की बहुधा पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबावं लागतं.